‘माझा मेंदू सुजलाय का गं?’ : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे मला ओळखता. लालबागला नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेली 27 वर्षं मी फार्मासिस्ट आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या महिन्याच्या गोळ्या माझ्या हातून पिशवीत पडतात, आणि ‘ही सकाळी, ही जेवल्यावर’ असं मी प्रत्येक स्ट्रिपवर पेनाने लिहून देते. कोण काय घेतं हे मी आजवर कुठे बोलले नाही, इथेही बोलणार नाही. फक्त माझ्या बाबांबद्दल बोलणार आहे, त्यांना विचारून.

संघात भरलेल्या मेंदूच्या शिबिराबद्दलचं माझं म्हणणं मी आधी बंद पाकिटात दिलं होतं. सचिवांनी ते प्रेमाने घेतलं, चहाही पाजला. तीन आठवडे उत्तर आलं नाही आणि मागच्या सोमवारी संघाच्या फळ्यावर सूचना लागली: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायं. 5 ते 7 मेंदू संरक्षण शिबिर. सभासदांना कॅप्सूलवर खास सवलत. बीपी व शुगर तपासणी पुढील सूचनेपर्यंत बंद.’ या कॅप्सूल हळदीच्या अर्काच्या आहेत. त्या विकणाऱ्या कंपनीशी वर्षभराचं ठरलं आहे, असं खजिनदारांकडून कळलं. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. ही शिबिरं काही आपल्याच हॉलमध्ये होत नाहीत. ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं माणूस आहे, त्या सगळ्यांनी हे वाचावं असं मला वाटतं.

बाबा 79 वर्षांचे आहेत. गिरणीत स्पिनिंग खात्यात होते, 1982 च्या संपानंतर मिळेल ते काम केलं. त्यांचे हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून सहा वर्षं ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, असेनोकुमेरॉल. या गोळीचा माणूस आयएनआर नावाच्या तपासणीवर जगतो, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते ती सांगते. आकडा 2 ते 3 च्या मध्ये हवा. खाली गेला तर रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. बाबांचा आकडा कधी 2.3, कधी 2.6. वहीत सगळे लिहून ठेवलेले आहेत, त्यांच्याच अक्षरात.

दसऱ्याच्या आधी तुमचं पहिलं शिबिर झालं. बाबा घरी आले ते गप्पच होते. रात्री अंथरुणावर बसून दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर दाबून बघत होते. मी विचारलं, डोकं दुखतंय का? तर म्हणाले, ‘माझा मेंदू सुजलाय का गं?’

शिबिरातल्या वक्त्याने पडद्यावर चित्र दाखवलं होतं. एक मेंदू लाल, फुगलेला, आणि शेजारी कॅप्सूल घेतल्यानंतरचा, छान गुलाबी. ‘साठीनंतर प्रत्येकाच्या मेंदूला सूज येते, आणि ती सूज विसरायला लावते.’ हे वाक्य बाबांनी मला शब्दशः सांगितलं. आदल्याच आठवड्यात ते नातवाचं नाव दोनदा चुकले होते. ते त्यांच्या मनात होतंच. मी समजावलं, ते हो हो म्हणाले. पण दोन बाटल्या त्यांनी आधीच घेतल्या होत्या, 3,800 रुपयांना. त्यांचं पेन्शन महिन्याला दीड हजारसुद्धा नाही. मला कळू नये म्हणून त्या त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवल्या.

सोळाव्या की सतराव्या दिवशी सकाळी दाढी करताना हनुवटीला बारीकसा काप गेला. एरवी तुरटी फिरवली की थांबतं. त्या दिवशी थांबेना. मी पंचा धरून बसले, पंधरा मिनिटांनी घडी बदलली, परत लाल. सदऱ्याची बाही वर केली तर दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग. ‘बसमध्ये दांड्याला घासलं असेल,’ म्हणाले. आयएनआर आला 6.8. दवाखान्यात नेलं, गोळी थांबवली, व्हिटॅमिन के दिलं, दोन रात्री आम्ही तिथे काढल्या. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही सुरू केलंय का? बाबा माझ्याकडे बघायला तयार नव्हते.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी 2018 मध्येच अशी एक नोंद जाहीर केली होती: वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि आयएनआर 10 च्या वर गेला. बाबांची गोळी त्याच जातीची आहे. इशारा कधीच दिलेला होता. तो तुमच्या हॉलमध्ये कुणी वाचून दाखवला नाही.

आता त्या ‘सुजे’बद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझी पहिली तक्रार याच शब्दाची आहे.

आपल्याकडे पाय मुरगळला की सूज येते, हिरडी दुखली की सूज येते. मेंदूची सूज म्हटलं की आपल्याला मेंदूज्वर आठवतो, अतिदक्षता विभागातलं माणूस आठवतं. वक्ता ज्याबद्दल बोलत होता तो पेशींच्या पातळीवर चालणारा दाह आहे. त्यात मेंदू फुगत नाही, कानशिलं दाबून तो कळत नाही, आणि तुमच्या हॉलमध्ये बसलेल्या कुणाच्या मेंदूत तो किती आहे हे त्या वक्त्याला सांगता येणं शक्य नव्हतं. त्याने कुणाची साधी नाडीही बघितली नव्हती.

दाहाची गोष्ट खोटी नाही. ती खरी आहे, आणि मला तर ती फार सुंदर वाटते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने 1919 मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना हे नाव दिलं. त्यांना बारीक बारीक फांद्या असतात आणि त्या फांद्या सतत आजूबाजूला चाचपत असतात. मेलेल्या पेशींचा गाळ दिसला की गिळायचा, जंतू दिसला की रसायनं सोडायची. टीएनएफ, इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6 अशी त्या रसायनांची नावं आहेत. हे थोडा वेळ चाललं तर उपयोगाचं. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर शेजारच्या चेतापेशीच होरपळतात. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत प्रथिनांच्या गाठींभोवती या पेशींचा गराडा पडलेला दिसतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असंही दिसलं, की मायक्रोग्लियाच्या कामाशी जोडलेल्या टीआरईएम2 या जनुकात विशिष्ट बदल असेल तर अल्झायमरचा धोका वाढतो. म्हणजे या पेशी नुसत्या बघ्या नाहीत, आजारात त्यांचा हात आहे.

मग वनस्पतींकडे लोक का वळले? कारण वनस्पतीतल्या अनेक द्रव्यांनी प्रयोगशाळेत हा दाह खरोखर शमवला. ढोबळी मिरचीत, सेलरीत ल्युटिओलिन नावाचं द्रव्य असतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 2008 मध्ये दिसलं, की ते दिल्यावर मायक्रोग्लिया इंटरल्युकिन-6 कमी सोडतात. 2010 मध्ये त्याच गटाने म्हाताऱ्या उंदरांना चार आठवडे ल्युटिओलिन घातलेलं खाणं दिलं, तेव्हा त्यांची वाट लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. आपल्या हळदीतलं कर्क्युमिन लॉस एंजेलिसमध्ये 2001 मध्ये उंदरांना दिलं गेलं. त्यांच्या मेंदूतला दाह कमी झाला, गाठीही कमी झाल्या. हे वाचलं तेव्हा मला किती आनंद झाला होता, ते मला आठवतं. आमच्या कोकणातल्या घरामागे हळदीचा वाफा होता. श्रावणात त्या पानांत पातोळ्या उकडायच्या, तो वास अजून नाकात आहे. आजीच्या परसातलं झाड मेंदूला वाचवणार, याहून चांगली बातमी माझ्यासारखीला कुठली?

पण पुढे माणसांवर काय झालं, तेही वाचायला लागतं. हाँगकाँगमध्ये 34 अल्झायमरग्रस्तांना सहा महिने कर्क्युमिन देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. फायदा दिसला नाही. लॉस एंजेलिसमध्येच 36 रुग्णांवर 24 आठवडे दिवसाला 2 आणि 4 ग्रॅमची चाचणी झाली, 2012 मध्ये निष्कर्ष आले. फायदा नाही, आणि रक्तात ते पोहोचलंच जेमतेम. द्राक्षांतल्या रेझव्हेराट्रॉलची 119 रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली, 2015 मध्ये. आजार थांबल्याचं दिसलं नाही. जिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क तर 3,069 वयस्क माणसांच्या चाचणीत सरासरी सहा वर्षं तपासला, 2008 मध्ये निकाल आला: घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सारखाच झाला.

तुमच्या वक्त्याने एकच चाचणी सांगितली, 2018 ची, जिच्यात स्मरणशक्ती सुधारली. ती चाचणी झाली आहे, तो खोटं बोलला नाही. पण ती 40 माणसांची होती, त्यांना स्मृतिभ्रंश नव्हता, आणि दिलेलं कर्क्युमिन खास पद्धतीने तयार केलेलं होतं. बाबांच्या बाटलीतलं ते नव्हे. पाच चाचण्यांतली एक उचलायची आणि चार झाकायच्या, ही माझी दुसरी तक्रार आहे. आमच्या धंद्यात आम्ही एक्सपायरी झालेली स्ट्रिप चांगल्या स्ट्रिपांखाली सरकवली तर परवाना जातो.

ताटलीतल्या पेशीवर थेंब टाकणं आणि 79 वर्षांच्या माणसाला कॅप्सूल गिळायला देणं यांत फार अंतर आहे. कॅप्सूल पोटात जाते, आतडं आणि यकृत मिळून कर्क्युमिनचं रूप बदलतात आणि ते बाहेर टाकतात. जे काही रक्तात उरतं त्याला मेंदूच्या रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत ओलांडायची असते. म्हणून बाटलीवर लिहिलेलं असतं, ‘काळ्या मिरीच्या अर्कासह, 20 पट शोषण’. हा आकडा आपल्याच देशातला आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये 1998 मध्ये 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतलं द्रव्य, दिल्यावर रक्तातलं कर्क्युमिन तितकं वाढलेलं दिसलं. हे कसं होतं, ते मात्र शिबिरात सांगत नाहीत. पायपरिन आतड्यातली आणि यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा मंदावतं. ती यंत्रणा काही एकट्या कर्क्युमिनसाठी बसवलेली नाही. फिटच्या आजारावरचं फेनिटॉइन पायपरिनमुळे रक्तात वाढतं, हे आपल्याच देशातल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. रोज पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या शरीरात ही यंत्रणा मंदावणारं काही सोडायचं असेल, तर आधी त्या पाच-सहा गोळ्या कोणत्या, हे विचारायला नको? तुमच्या शिबिरात नोंदणीच्या फॉर्मवर नाव, फोन नंबर आणि जन्मतारीख एवढंच होतं. चालू औषधांचा रकाना नव्हता. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. तो एक रकाना असता तर कदाचित बाबा दवाखान्यात गेले नसते.

‘हळदच तर आहे, आपण रोज खातो’ असं अध्यक्षकाका मला म्हणाले. काका, हिशेब करून बघा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. बाबांच्या एका कॅप्सूलमध्ये 475 मिलिग्रॅम. तेवढं पुडीतून मिळवायचं तर जवळजवळ 16 ग्रॅम हळद लागेल, म्हणजे पाच चमचे. ते दिवसाला दोन कॅप्सूल घेत होते. दहा चमचे हळद, तीही मिरीच्या अर्कासह, रोज. आपल्या घरात चौघांच्या आमटीला अर्धा चमचा पडतो. आमटीच्या भरवशावर कॅप्सूलला निर्धोक म्हणता येत नाही. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या अशा कॅप्सूलसारख्या पूरकांनंतर यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि सरकारने लेबलवर इशारा सक्तीचा केला. अमेरिकेत 2022 मध्ये अशा 10 रुग्णांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध झाली. त्यातल्या पाच जणांना भरती करावं लागलं, एक दगावला. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नियंत्रकांनीही लोकांना सावध केलं. कोट्यवधी लोक हळद खातात, त्यातल्या थोड्यांनाच हे होतं, हे खरं. पण ज्याला होतं त्याच्या घरच्यांना ‘थोडे’ हा शब्द पुरत नाही.

(हळदीवरून आणखी एक सांगते. घरात हळद घेताना भडक पिवळ्या सुट्या पुडीच्या मोहात पडू नका. रंगासाठी त्यात लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं आपल्या उपखंडात सापडलेली आहेत. त्यातलं शिसं मेंदूला घातक असतं, लहान मुलांच्या तर फारच. आम्ही हळकुंडं घेऊन डोळ्यांसमोर कुटून आणतो.)

वक्त्याने आपल्या अभिमानालाही हात घातला. ‘अमेरिकेने आपली हळद चोरायला बघितली, मग तुम्हीच तिच्यावर विश्वास का ठेवत नाही?’ टाळ्या पडल्या म्हणे. मलाही त्या लढाईचा अभिमान आहे. 1995 मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने ते आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करवलं. कशाच्या जोरावर? जुना संस्कृत ग्रंथ आणि 1953 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला लेख, असे पुरावे पुढे ठेवून. त्याच हळदीचं नाव घेऊन आज आपल्या म्हाताऱ्यांना पुरावा न मागता पैसे मोजायला सांगितलं जातंय, याचा मला राग येतो.

वनस्पतीतून मेंदूचं औषध निघूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. माझ्या दुकानात गॅलँटामिन आहे, अल्झायमरवर डॉक्टर लिहून देतात. ते स्नोड्रॉपसारख्या फुलझाडांच्या कंदांतून सापडलं. 1950 च्या दशकात बल्गेरियात त्यावर काम सुरू झालं, अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली. मधे चाळीस-पन्नास वर्षं गेली. आज त्याचा डोस ठरलेला आहे, कुणाला द्यायचं नाही हे ठरलेलं आहे, आणि ते आजार बरा करत नाही, लक्षणं काही काळ हलकी करतं, हेही स्पष्ट सांगितलं जातं. कर्क्युमिन, ल्युटिओलिन, ब्राह्मी यांचंही असं काही निघालं तर मी पहिल्या दिवशी मागवीन.

बाटली मी दुकानात भिंगाखाली धरून वाचली. मागे, सवलतीच्या स्टिकरखाली अर्धं झाकलेलं, अगदी बारीक अक्षरांत छापलंय: ‘औषधी वापरासाठी नाही’. पूरक अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि वर पडद्यावर ‘स्मृतिभ्रंशापासून संरक्षण’. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954 चा कायदा आहे, त्याच्या यादीत मेंदूचे विकार येतात. अशा आजारांवर उपाय म्हणून जाहिरात करायला त्या कायद्याने मनाई आहे. हॉल तुमचा, व्यासपीठ तुमचं, मागे संघाचा फलक. लोकांनी कंपनीवर विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर ठेवला.

हे लिहिताना माझंही सांगायला हवं. तशाच बाटल्या दोन वर्षं माझ्या दुकानाच्या पुढच्या फळीवर होत्या. त्यांवर इतर औषधांपेक्षा जास्त कमिशन मिळतं. कुणी मागितली तर मी द्यायचे, चालू गोळ्या विचारायचेच असं नाही. बाबांना घरी आणलं त्या रात्री मी फळी रिकामी केली आणि माल वितरकाला परत पाठवला. चूक मीही केली आहे, म्हणूनच तुमच्याशी हे मनापासून बोलू शकते.

आणि बंद काय केलंत, तर बीपी आणि शुगरची तपासणी! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून स्मृतिभ्रंशाचे 14 धोके सांगितले, जे आपल्या हातात आहेत. सगळे दूर झाले तर 45 टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत उच्च रक्तदाब आहे, मधुमेह आहे, वाईट कोलेस्टेरॉल आहे, ऐकू कमी येणं आणि दिसायला कमी होणं आहे, धूम्रपान आहे, मुंबईच्या हवेतली धूळ आहे. एकटेपणाही आहे. म्हणजे तुमचा संध्याकाळचा कट्टा, कॅरमचा बोर्ड, गुरुवारचं भजन या यादीत तुमच्या बाजूने उभे आहेत. भारतात साठीपुढच्या अंदाजे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्यासाठी आपल्यासारख्या संघाला खरंच करता येईल अशी गोष्ट दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चालू होती. ती बंद करून तिच्या जागी विक्री बसवलीत. शिवाय विसरण्याची तक्रार कधी बी-12 च्या कमतरतेची असते, कधी थायरॉइडची, कधी नैराश्याची. त्यांवर साधे उपचार आहेत. कॅप्सूल घेत बसलं की ते महिने वाया जातात.

तुमची अडचण मला माहीत आहे. वर्धापनदिनाचा खर्च आणि अष्टविनायकाची बस कंपनी देणार आहे. गेल्या वर्षी बसला पैसे कमी पडले, तेव्हा किती जण हिरमुसले होते ते मी पाहिलंय. हा खर्च कसा काढायचा ते आपण मिळून बघू. इमारतीतल्या प्रत्येक दारावर वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरायला मी तयार आहे.

माझ्या मागण्या सांगते.

फळ्यावरची सूचना पुसा आणि दुसरा शनिवार तपासणीला परत द्या. जमलं तर कानांची तपासणीही जोडा.

कंपनीबरोबर काय ठरलं, संघाला किती रक्कम मिळाली किंवा मिळणार आहे, हे येत्या सर्वसाधारण सभेत कागदावर मांडा. यापुढे आरोग्यावर बोलायला येणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं, की त्याला पैसे कोण देतं. ज्या हॉलमध्ये व्याख्यान होईल तिथे त्याच दिवशी विक्री नको.

तिसरी मागणी तातडीची आहे, ती सभेपर्यंत थांबवू नका. ज्यांनी ज्यांनी बाटल्या घेतल्या, त्यांची यादी तुमच्याकडे आहे. प्रत्येकाला फोन करा. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची, फिटची औषधं घेणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी कॅप्सूल थांबवून ती बाटली आपल्या डॉक्टरांना दाखवावी. चालू असलेली डॉक्टरांची गोळी मात्र कुणीही मनाने बंद करू नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, कारण नसताना डाग पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला सरकारचा 1800-180-3024 हा मोफत नंबर आहे. बाबांची नोंद मी केली आहे. ज्यांना पैसे परत हवेत त्यांना ते कंपनीकडून मिळवून द्यायची जबाबदारी संघाने घ्यावी.

आणि हा विषय बंद करू नका. लोकांना तो हवा आहे, त्या दिवशी हॉल भरला होता. महापालिकेच्या केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत न्यूरॉलॉजीचे विभाग आहेत, फार्माकॉलॉजीचे प्राध्यापक आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी बोलवा. मेंदूतला दाह म्हणजे काय, वनस्पतींवरचं संशोधन कुठवर आलंय, हे त्यांनी मराठीत समजावून सांगावं. ‘सूज’ हा शब्द न वापरता.

बाबा आता बरे आहेत. आयएनआर 2.4 वर आला आहे, वहीत नोंद आहे. पण शिबिराला गेल्यापासून त्यांनी कट्ट्यावर येणं सोडलं आहे. आपल्यामुळे मुलीला दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या, ही लाज त्यांच्या मनातून जात नाही. कार्यकारिणीतल्या कुणी एकाने तरी घरी येऊन त्यांना खाली घेऊन जावं. हे मी मागणी म्हणून लिहीत नाही, विनंती करते. हे पत्र त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘भांडू नकोस गं, सगळे माझे मित्र आहेत.’

येत्या दुसऱ्या शनिवारी पाच वाजता बीपीचं यंत्र आणि ग्लुकोमीटर घेऊन मी हॉलच्या दाराशी उभी असेन. स्ट्रिप्स माझ्या खर्चाने आणते. हॉलची किल्ली सचिवांकडे आहे.

आपली,
संघाच्या एका जुन्या सभासदाची मुलगी
लालबाग, मुंबई